सात किल्ल्या

(मिरजगावाजवळचं खेडं, १९४६. बनुबाई आपल्या ओसरीवर बसलेली. शाळेची मास्तरीण हन्ना पायरीशी उभी, काखेत वळकटी.)

हन्ना : सात घरांना कुलूप आहे, बनुबाई, आणि सातही किल्ल्या तुमच्या कमरेला. मला एक खोली पुरे.

बनुबाई : किल्ल्या माज्या, घरं न्हाईत. समदे उसाच्या कारखान्यावर गेले. मी आठवड्याला सारवते, एवढंच. इचारलं हुतं की त्यास्नी. पत्र तूच लिवलंस, उत्तरबी तूच वाचलंस.

हन्ना : वाचलं. किरिस्तावाला घर नको. मोठ्यानं वाचून दाखवलं तुम्हाला.

बनुबाई : मला लई वंगाळ वाटलं, बाई.

हन्ना : महिनाभर तीन कोस चालत येतेय. पाय सुजलेत. पण मी शाळा सोडणार नाही.

बनुबाई : मीच चाललेय. आज लाकूडवाला सहादेव येतोय. माजं ह्ये घर मोडून वासे-तुळया नेतो.

हन्ना : कितीला?

बनुबाई : ऐंशी. पैल्या घराला तीनशे दिलते त्यानं. गावात मानूस ऱ्हाईना, मग घर घेनार कोन?

हन्ना : आणि तुम्ही राहणार कुठं?

बनुबाई : कारखान्यावर, लेकाकडं. सा मानसं एका खोलीत. तितं खोली मिळंना म्हनून भाडं वाढतंच हाय. ऐंशी रुपये वरीसभर बी पुरायचे न्हाईत.

हन्ना : तरी जाताय?

बनुबाई : एकटीनं किती सारवू? गुडघं गेलं माजं. अन् तुजी शाळा बंद झाली की पोरावाले बी जातील.

हन्ना : म्हणूनच म्हणते, ती सात घरं राहू द्या. मला तुमचं घर द्या. अर्धं. भाडं देईन.

बनुबाई : गाव माजं पानी तोडंल.

हन्ना : तोडेल. ओढ्याचं पाणी मी आणीन, दोघींना.

बनुबाई : लई हट्टी हायेस.

हन्ना : आहे. गाडी वाजतेय, बनुबाई. सहादेवच असेल.

बनुबाई : उद्या सातजनांना पत्र लिव. किल्ल्या घिऊन जा म्हनावं, ज्याचं घर त्यानं सारवावं.

हन्ना : लिहिते. आणि सहादेवला काय सांगू?

बनुबाई : आदी वळकटी आत ठिव. मग सांग, घर रिकामं न्हाई.