समाचाराला आलेला खोकला

आम्ही मूळचे धायरीचे, म्हणजे धायरी गाव होतं तेव्हापासूनचे. आता आमच्या वांग्याच्या शेतावर लिफ्टवाली बिल्डिंग उभी हाय आन् मी मंडईत दुसऱ्याच्या शेतातली मेथी विकते. मेथी विकता विकता माझा आवाज असा झाला की मी घरात मीठ मागितलं तरी शेजारीन वाटी घेऊन येते. तर हा आवाजच एक दिवस बसला, मानेत गाठ आली, तपासली, तर निघाला गाठींचा कॅन्सर.

काय सांगू तुम्हाला, कॅन्सर झाला आन् माझा मान वाढला. आमच्याकडं समाचाराला यायची पद्धत लई कडक, न आलेल्याचं नाव पुढच्या लग्नापर्यंत निघतं. सगळी भावकी आली, शहाळी आली, ज्यांनी माझी मेथी कधी घासाघीस केल्याबगर घेतली न्हाई त्या बायापन आल्या. किमोनं केस गेले तर जाऊबाई म्हणली, ताई, डोक्याचा आकार चांगला हाय हो तुमचा. एवढ्या वर्षांत तिनं केलेलं हे माझं पहिलं कौतुक. आन् मला वारं लागू नये म्हणून तिनंच सगळ्या खिडक्या गच्च लावल्या, फटीत फडकी कोंबली. त्या खोलीत दहा-दहा माणसं बसायची आन् माझी ताकद वाढो म्हणायची.

रोज येणारे फक्त बापूभावजी, माझे चुलत दीर. माणूस लाख मोलाचा. दुपारी माझ्या पायथ्याशी बसून पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे, मधेमधे खोकायचे, तंबाखूचा खोकला हाय म्हणायचे आन् निधनवार्ता झाल्या की पान उलटायचे.

मग मला संध्याकाळचा ताप यायला लागला, खोकला, रात्री गाऊन भिजून चिंब. सगळे म्हणले किमोची गरमी हाय. आमच्या ह्यांनी तर गुपचूप माझ्या माहेरी फोन केला, आजार फुप्फुसात उतरला म्हणून, आन् माझा भाऊ रडत आला. मी जिवंत होते, चहा पीत होते, माझाच कप त्याच्या हातात दिला.

किमोच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र बेडका तपासायला लावला. टीबी निघाला. त्या म्हणल्या, किमोनं अंगातली राखन कमी होते, मग कुठं जुना झोपलेला जंतू उठतो, न्हाईतर खोकणाऱ्या कुणाकडनं नवा येतो, कुठला ते सांगता येत न्हाई. किमो थोडी थांबवू, टीबीच्या गोळ्या आधी. घरात खोकणारं कुणी असंल तर त्याला तपासा, आन् खिडक्या उघड्या ठेवा.

घरी आलो तर हे म्हणले, कुणाला बोलायचं न्हाई. का, तर आमच्या लेकीची, मनीषाची सोयरीक वारज्यात चालली होती, बैठक तोंडावर आलेली. बघा म्हंजे, कॅन्सर गावभर सांगितला तेव्हा लोकांनी शहाळी आणली, टीबी सांगितला तर कप वेगळा ठेवतील. मी म्हणलं, आन् बापूभावजी? ते खोकतात त्याचं काय? हे म्हणले, बैठक होऊ दे, मग बघू. मी रात्रभर विचार केला, आन् बापूभावजींच्या मांडीवर खेळनारी त्यांची नातवंडं सारखी डोळ्यापुढं आली.

वारज्याचे पाहुणे आले. तोवर माझ्या गोळ्या चालू होऊन बरेच दिवस झाले होते, तरी तोंडाला मास्क लावून मी बाहेर आले आन् एकेक खिडकी उघडली. फडकी ओढून काढली. मुलाचा मामा म्हणला, अहो वहिनी, वारं लागेल तुम्हाला. मी म्हणलं,

“लागू दे. मला टीबी हाय, वाऱ्यानं न्हाई झालेला. गोळ्या चालू हायेत, मी बरी होणार हाय. बापूभावजी, उद्या तुम्ही माझ्यासंगं बेडका द्यायला चला.”

सगळ्यांचे कप जागच्या जागी थांबले. ह्यांनी छताकडं बघितलं, जसा काय पंखा त्यांनीच आत्ता शोधला. बापूभावजींनी पेपर तोंडापुढं धरला, तोपन उलटा. पाहुणे कळवतो म्हणले आन् अर्धा चहा टाकून निघाले.

हे माझ्याशी बोलायचे बंद झाले. वारज्यावरनं काही कळलं न्हाई. मला वाटलं पोरीचं वाटोळं केलं मी, तिच्यापुढं बसून म्हणलंपन. मनीषा कप उचलत होती. ती म्हणली, आई, जी माणसं अर्धा चहा टाकून गेली, त्यांच्या घरी मी जन्मभर चहा करायचा का?

बापूभावजींनाबी टीबीच निघाला. दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी गोळ्या सुरू केल्या. नातवंडांचीबी तपासणी करून घेतली, पोरं ठीक हायेत. कुणी कुणाला दिला मी विचारत न्हाई, डॉक्टरीणबाईंनाच सांगता येत न्हाई तर भावकीला कुठनं येणार. आता ते दारापुढच्या ओट्यावर बसतात, मी खिडकीत, आन् पेपर पहिल्यापेक्षा मोठ्यानं वाचतात. गोळी घेतली का, हे आम्ही एकमेकांना असं वरडून विचारतो की समोरच्या सगळ्या बिल्डिंगीला आमचा आजार पाठ हाय. हेपन बोलायला लागलेत, मेथी निवडता निवडता.

किमो परत चालू झाली. पुढचं देवाला आन् डॉक्टरीणबाईंना माहीत, पण मंडईतली जागा मी कुणाला दिलेली न्हाई, पाटी तिथंच पालथी घालून ठेवली हाय. तुम्ही चहा घेता ना? घ्या. सुखात राहा, लेकरंबाळं निरोगी राहोत, आन् जाताना ते दार लावू नका.