हिरवा रकाना

(वीज कंपनीच्या मापन शाखेची खोली, दुपार. सगळ्या उपकेंद्रांच्या नोंदी इथे जमा होतात. थोरली बहीण त्या तपासते. धाकटा भाऊ एका उपकेंद्रावर ऑपरेटर आहे, सध्या निलंबित.)

धाकटा : ...एवढंच सांग, सही इथे करायची की मागच्या पानावरपण?

ताई : आधी तो कागद इकडे दे.

धाकटा : वाचून काय करणार? मीच लिहिलंय. म्हणजे युनियनच्या माणसाने सांगितलं, मी उतरवून घेतलं.

ताई : ‘यार्डात कोणताही दोष नव्हता. मी घाबरून, विनाकारण फीडर बंद केला.’ हे तू लिहिलंस?

धाकटा : अक्षर माझंच आहे ना?

ताई : अक्षर ओळखते मी. अक्कल कोणाची ते विचारतेय.

धाकटा : हे बघ ताई, मी भांडायला आलो नाहीये. उद्या चौकशी आहे. कबूल केलं तर बदली, आणि काही वर्षं बढती विसरायची. नाही केलं तर कायमचं घरी बसायचं. त्या फीडरवर काचेच्या कारखान्याची वीज आहे; माझ्यामुळे भट्टी थंड पडली, आतली काच आतच गोठली. कोणाला तरी धरणारच ना ते.

ताई : महिनाभर तर छातीठोकपणे सांगत होतास, यार्डातून चरचर ऐकली, पॅनेलवरचा काटा पडताना पाहिला. मग आता काय झालं?

धाकटा : सांगितलं ना फोनवर, रेकॉर्ड आलं. मंगळवारी माझ्यासमोर ठेवलं, तुझ्याच खोलीतून निघालेलं. दहापासून मी बंद करेपर्यंत, सेकंदासेकंदाचं व्होल्टेज. कुठे म्हणजे कुठे खड्डा नाही. आणि नोंदीच्या दर्जाचा शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत हिरवागार. उत्तम, उत्तम, उत्तम. मी तीनदा वाचलं.

ताई : आणि मानलंस.

धाकटा : न मानून सांगतो कोणाला? मीटरला काय माझं वावडं आहे? शिवाय टोळी आली होती दुरुस्तीवाल्यांची, त्यांनाही काही सापडलं नाही.

ताई : टोळीने आल्याआल्या काय केलं?

धाकटा : नेहमीचंच. पाने काढले, सगळे जोड आवळले.

ताई : मग?

धाकटा : मग मोजलं.

ताई : आवळून झाल्यावर.

धाकटा : आपल्याकडे रीतच आहे ती. आधी आवळायचं, मग मोजायचं. म्हणजे आकडे चांगले येतात.

ताई : येणारच.

धाकटा : ताई, खरं सांगू? आता घरी पंखा लावला तरी मी कान टवकारतो. बायको विचारते, काय ऐकतोयस? मी म्हणतो, काही नाही. पंधरा वर्षं त्या यार्डाचा आवाज ऐकतोय मी. कुठला आवाज कशाचा ते झोपेत सांगेन, असं वाटायचं. मला नोकरीची भीती नाही वाटत एवढी. उद्या खरंच तशी चरचर आली तर माझा हात ब्रेकरकडे जाईल का, याची वाटते.

ताई : खुर्ची ओढ इकडे. आणि ती माझी शाल घे अंगावर, इथे मशीनसाठी गारठा करून ठेवतात. मी काल तुझ्या उपकेंद्रावर गेले होते.

धाकटा : माझ्या? मला कोणी बोललं नाही.

ताई : तुला कोण बोलणार, तुला तर आत पाऊल टाकायला बंदी. मीटरला स्वतःची मेमरी असते. पंचेचाळीस दिवस टिकते, मग जुन्यावरच नवं लिहिलं जातं. काल एकेचाळिसावा दिवस होता. केबल लावून सगळं उतरवून आणलंय. फीडर किती वाजता बंद केलास तू?

धाकटा : दहा बावीस.

ताई : मग दहा वाजून चार मिनिटांपासून बघ. बोट लाव पडद्याला, हरकत नाही.

धाकटा : हे काय... हे सारखं खाली का जातंय?

ताई : मोज.

धाकटा : नऊ, दहा... चौदा.

ताई : अठरा मिनिटांत चौदा. प्रत्येक खड्डा एकेका सेकंदाचा. जोड सैल पडला की असंच होतं. ठिणगी पडते, व्होल्टेज कोसळतं, परत सावरतं. शेवटचे पाच बघ कसे जवळजवळ आलेत. तू बंद केलं नसतंस तर जोड जळून तार खाली यायला किती वेळ लागला असता, देव जाणे.

धाकटा : यार्डात रंगारी होते तेव्हा. चौघं.

ताई : माहितीये.

धाकटा : म्हणजे मी ऐकलं होतं.

ताई : ऐकलं होतंस.

धाकटा : थांब, मला जरा पाणी दे. आणि ताई, मग तुझ्या खोलीतून निघालेल्या कागदावर सरळ रेघ कुठून आली?

ताई : माझ्याकडून.

धाकटा : तुझ्याकडून म्हणजे?

ताई : म्हणजे मी केली. तीन वर्षांपूर्वी मीटरकडून येणाऱ्या आकड्यांत कचरा फार असायचा. मध्येच संपर्क तुटायचा, शून्य यायचं, कधी अर्थ नसलेलं काहीतरी यायचं. म्हणून मी एक फिल्टर लिहिला. चाळणच म्हण. एखादं रीडिंग मागच्या-पुढच्यापेक्षा फारच वेगळं असेल तर ते काढायचं, आणि त्या जागी दोघांच्या मधला आकडा भरायचा. धान्यातला खडा काढतो तसं.

धाकटा : आणि माझी चरचर खडा निघाली.

ताई : एका सेकंदाचा खड्डा, दोन्ही बाजूंना ठणठणीत आकडे. चाळण त्याला कचराच समजणार. पण चाळण लावली ही चूक नाही, सगळेच लावतात. भरलेल्या आकड्यासमोर ‘भरलेला’ असं लिहायचं असतं, पिवळ्या रंगात. आधी मी तसं लिहीतही होते.

धाकटा : मग पिवळा गेला कुठे?

ताई : दर महिन्याच्या बैठकीत पडद्यावर पिवळे ठिपके दिसायचे. साहेब बोट दाखवायचे, हे काय आहे, ते काय आहे. एकेका ठिपक्याचा खुलासा लिहा. मला वैताग आला होता रे. एक दिवस मी पिवळ्याचं हिरवं करून टाकलं. एका ओळीचा बदल, पाच मिनिटांचं काम. त्या महिन्यात नोंदींचा दर्जा नव्व्याण्णव टक्के भरला. भिंतीवर ते प्रमाणपत्र लावलंय ना, त्याचंच आहे.

धाकटा : मी पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना सांगत सुटलो होतो तेव्हा. आमच्या ताईला प्रमाणपत्र मिळालं म्हणून.

ताई : मीही मिरवलं. विसरूनच गेले होते ती ओळ. तू मंगळवारी फोनवर ‘सरळ रेघ’ म्हणालास, तेव्हा आठवली. चालू लाइनवर सरळ रेघ नसते, थोडं तरी वरखाली होतंच. दोन आकड्यांमध्ये पट्टी ठेवून कोणीतरी ओढली असेल तरच ती इतकी सरळ येते.

धाकटा : साहेबांना सांगितलंस?

ताई : आज सकाळी. ते शांतपणे म्हणाले, त्या दिवशी तो एक मीटर बिघडला होता असं लिहून देऊ. भावाचं काम होऊन जाईल, तुमच्यापर्यंत काही येणार नाही.

धाकटा : मग दे की लिहून. देवमाणूस आहे तो.

ताई : मीटर बिघडला नव्हता. त्या दिवशी शुद्धीवर असलेले दोघंच होते, तू आणि मीटर.

धाकटा : बरं, खरं लिहिलंस तर तुझं काय होईल?

ताई : ही खुर्ची जाईल. पुढचं माहीत नाही. सगळ्या उपकेंद्रांच्या तीन वर्षांच्या नोंदी परत बघाव्या लागतील, आणि ते काम वाढवणाऱ्या बाईला कोणी हार घालणार नाही.

धाकटा : मग कशाला ही उठाठेव? मी सुटतोय, तू वाचतेस. दोघंही घरी बसलो तर आईला काय सांगायचं? माझ्यापुरतं बघ, ताई. कधी नव्हे ते माझ्यासाठी थोडं खोटं बोल.

ताई : तुझ्यापुरतं असतं तर कदाचित बोलले असते. खोटं कशाला बोलू, सकाळी दहा मिनिटं मी तोच विचार करत होते.

धाकटा : मग?

ताई : गाळलेले आकडे गेले, पण किती गाळले याची मोजदाद सर्व्हरवर राहते. एरवी दिवसाला दोन, फार तर तीन. तुझ्या दिवशी चौदा. म्हटलं, आणखी कुठे असं आहे का बघू. तर दोन वर्षांपूर्वी एका उपकेंद्रावर अर्ध्या तासात एकसष्ट. त्याच अर्ध्या तासात तिथल्या ऑपरेटरने हाताने लाइन बंद केली होती. ते सांगत होते आवाज आला. माझं रेकॉर्ड त्यांच्यासमोर ठेवलं, आणि त्यांनी असाच कागद लिहून दिला.

धाकटा : टेकडीवरच्या उपकेंद्रातले काका?

ताई : तेच.

धाकटा : काकांना कानात वारा ऐकू येतो म्हणायचो आम्ही. मीपण हसायचो. निवृत्त झाले त्या दिवशी कोणी फिरकलंसुद्धा नाही तिकडे. मीही नाही गेलो.

ताई : हं.

धाकटा : दे तो कागद.

ताई : फाडू नकोस, मागची बाजू कोरी आहे. जे ऐकलंस, जे पाहिलंस, ते वेळेसकट लिही. शुद्धलेखन मी बघते.

धाकटा : आणि तू?

ताई : माझं लिहून झालंय. एक वाजताच चौकशी समितीला पाठवलं, साहेबांना प्रत. तू यायच्या आधी.

धाकटा : मग मघापासून माझ्याकडून वदवून काय घेत होतीस?

ताई : काही नाही. तूच ‘खरं लिहू नको’ म्हणालास, तर पाठवून दिल्याचं मला कितपत टोचतं ते बघत होते. बस आता. एक काम राहिलंय, एकटीने करायचा धीर होत नाही म्हणून तुझी वाट बघत होते. फोन स्पीकरवर ठेवते. तू मध्ये बोलू नकोस.

काका : हॅलो, कोण?

ताई : नमस्कार काका. मी मापन शाखेतून बोलतेय. तुमच्या चौकशीत जे रेकॉर्ड ठेवलं होतं, ते माझ्याकडून गेलं होतं.

काका : ते मिटलं हो सगळं. मी सही करून दिलीय. अजून काही राहिलंय का माझ्याकडून?

ताई : तुमच्याकडून नाही. माझ्याकडून राहिलंय.

काका : कानांचं म्हणत असाल तर मी तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, कान तरुण माणसाचे आहेत. मग म्हटलं, कान धड आहेत तर डोक्यातच काहीतरी बिनसलं असणार. तेव्हापासून दुरुस्तीला हात लावत नाही मी. घरातला दिव्याचा बल्बसुद्धा हीच बदलते, मला स्टुलावर चढू देत नाही. तिचंही बरोबर आहे.

ताई : काका, त्या दिवशी त्या अर्ध्या तासात मीटरने एकसष्ट वेळा सांगितलं होतं की लाइनमध्ये काहीतरी बिघडतंय. ते आकडे माझ्या फिल्टरने काढून टाकले, आणि त्यांच्या जागी चांगले आकडे भरले. भरलेत हे कोणाला कळणार नाही अशी सोयही मीच केली होती. मला आत्ता कळलं. मी तसं लेखी दिलंय. उद्या समितीपुढेही सांगणार आहे.

काका : म्हणजे आवाज होता?

ताई : होता, काका. तुमचं काहीही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. तुमची माफी मागायला फोन केला.

काका : एकसष्ट वेळा?

ताई : एकसष्ट वेळा.

काका : जरा थांबा, हे मला नका सांगू. ही आतल्या खोलीत आहे, तिच्याकडे फोन देतो. पहिल्यापासून सगळं तिला सांगा.