सावद्याचा पाला

मोनाली: ...मी एवढंच विचारतेय सुकलालभाऊ, गाडीत पाला आला कुठून?

सुकलाल: ताई, माले काय माहीत? मी ड्रायव्हर शे. सावदाले केळानी गाडी भरेल व्हती, ताडपत्री बांधेल व्हती. तुम्ही म्हणनात चाल, मी चालनू. आठे सोनौलीना नाकावर सायेबनी ताडपत्री उचली आनि म्हणे, ये पत्ता नेपाल में नहीं जायेगा.

मोनाली: बरोबर म्हणाले ते. दाखल्यावरच लिहिलंय. फक्त फळ. पान नको, माती नको. पानाबरोबर रोग जातो. मी आबांना चार वेळा वाचून दाखवलं होतं.

सुकलाल: मंग आबासलेच इचारा ना.

मोनाली: आबा! इकडे या. स्पीकरवर आहे.

बन्सीलाल: ओसरीपर्यंत ऐकू येऊन राहिलं. पाला म्याच लावला. तळाशी दोन थर, अन् बाजूनं.

मोनाली: मी जळगावला दाखला आणायला गेले होते, तेव्हा?

बन्सीलाल: तू गेली, अन् मजुरांनी घड नुसत्या पत्र्यावर ठेवले. उघडे. मले बघवलं नही, पोरी. चाळीस वर्षं गाड्या भरल्या...

मोनाली: दिल्लीसाठी भरल्या. हा दुसरा देश आहे.

बन्सीलाल: केळं तर तेच हाय ना व? का सरहद्द पाहून त्याची साल जाड होते?

सुकलाल: आबा, आठे लू चाली राह्यनी. उभी गाडी तापी गयी. मी एरवी दीपनगरना वीजकेंद्रनी राख वाहस. राख महिनाभर उभी ऱ्हास, तिले काय व्हत नही. केळं थांबाव नही. आनि एक सांगानं राही गयं. सकाळपासून एक अडत्या गाडीले चकरा मारी राह्यना. म्हणस, बठ्ठा माल निम्मा भावमा दे. पाला मी पाही लेस. उद्या मना नावना कागदवर गाडी पार.

बन्सीलाल: देऊन टाक.

मोनाली: आबा!

बन्सीलाल: देऊन टाक, मोनाली. अकरा जणांचा माल हाय त्या गाडीत. निम्मे तर निम्मे. परवा काळं पडलेलं केळं ढोरं खातील.

मोनाली: अकरा जणांनी पाला नाही लावला. तुम्ही लावला.

बन्सीलाल: म्हणूनच सांगतो, देऊन टाक.

मोनाली: ही पहिली गाडी आहे आपल्या शेतकरी गटाची. नेपाळातल्या बुटवलचा घेणारा माणूस सहा महिने फोनवर होता माझ्या मागे. सावद्याचं केळं थेट पाहिजे, मधे कोणी नको. आज ही गाडी अडत्याच्या नावानं गेली, तर पुढची पण त्याच्याच नावानं जाणार. कायमची. सुकलालभाऊ, त्या माणसाला फोन द्या.

(अडत्या बोलतो. त्याच्या ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.)

अडत्या:

मोनाली: नमस्कार. हो, मीच. गटाची अध्यक्ष मीच.

अडत्या:

मोनाली: तुम्ही धुळ्याचे? देवपूरचे? एवढ्या लांब मराठी माणूस भेटला. मग भाव तरी शेजाऱ्यासारखा सांगा.

अडत्या:

मोनाली: निम्माच. बरं. आणि कागद तुमचे. म्हणजे सावद्याचं नाव कुठेच येणार नाही.

अडत्या:

मोनाली: खरं आहे. खाणाऱ्याला गावाशी काय करायचंय. त्याला केळं गोड लागलं की झालं.

अडत्या:

मोनाली: नाही, मुलगी आहे म्हणून तुम्हाला असं वाटतंय. मला धंदा कळतो, दादा. तुमचाही कळला.

अडत्या:

मोनाली: वडील? इथेच बसलेत. आबा, तुमच्याशी बोलायचं म्हणतात. पोरीशी बोलून उपयोग नाही म्हणे.

बन्सीलाल: हां, बोला.

अडत्या:

बन्सीलाल: हां. हां. नुकसान तर हायच. बरोबर बोलता.

अडत्या:

बन्सीलाल: थांबा. ते पुन्हा सांगा. कागदावर कोणतं गाव टाकणार?

अडत्या:

बन्सीलाल: नही, राग नही. ऐकून घ्या फक्त. चाळीस वर्षं आमचं केळं दिल्लीले गेलं. पेटी नही, चिठ्ठी नही, नाव व्यापाऱ्याचं. पण तिथला हमाल ताडपत्री उचले, पाला कसा लावला ते पाहे, अन् म्हणे, हे सावद्याचं. अशी बांधणी दुसऱ्या कोणाची नही. पाला म्हणजे आमची सही व्हती, भाऊ. आता कायदा म्हणतो पाला काढ. ठीक हाय, काढतो. त्याचं बरोबर असंल. पण तू म्हणतो नाव बी काढ. मग त्या गाडीत आमचं राहिलं काय?

अडत्या:

बन्सीलाल: सडू दे! सडलं तर सावद्याचं म्हणून सडंल. तुझ्या नावानं पिकणार नही. ठेव फोन.

मोनाली: आबा...

बन्सीलाल: तू काही बोलू नको आता. सुकलालले लाव. तोंड दिसतं तो फोन. पाला काढून गाडी पुन्हा भरू.

*

सुकलाल: दिखस का आबा? मोबाईल गाडीना आरसाले बांधेल शे.

बन्सीलाल: तुझं पोट दिसून राहिलं. बाजूले हो. किती हमाल हायत?

सुकलाल: आठ. पन त्यासनी कधी घड उतारा नही. सिमेंटना हमाल शेत.

बन्सीलाल: अरे देवा. ए भय्या! ओ लाल बनियान! दांडे को पकडो, दांडे को! पोरगं पाळण्यातून उचलते हैं ना, वैसा! ...ऐसा नही, वो तो पोतं उचललं तू!

मोनाली: आबा, हळू. अख्खी गल्ली जमलीय दारात.

बन्सीलाल: जमू दे. सुकलाल, घड सावलीत. ट्रकच्या सावलीत बी चालंल. पाला एका बाजूले टाक. अन् पत्रा पुसून घे, माती राहिली तर साहेब पुन्हा उतरवंल.

सुकलाल: पुसी लिधा. पन खाले काय लावू? उघडा पत्रावर ठेवं, तर बुटवललोंग लोणचं व्हई जाई.

मोनाली: कापड चालेल, फोम चालेल. मी साहेबांना विचारलंय. झाडाचं काही नको, बस.

सुकलाल: मनाजवळ दोन गोधड्या शेत. मायनी शिवेल. एक ताडपत्री. नाकाना मांगे एक गादीवाला शे, फोमना तुकडा देस.

मोनाली: घ्या सगळे. मी पाठवते त्याला पैसे.

बन्सीलाल: गादीवर झोपवता केळ्याले? काय दिवस आले.

मोनाली: तुम्ही खाटेवर, केळं गादीवर. आता बोला, कसे रचायचे घड?

बन्सीलाल: पाला नही म्हणजे केळ्यानं केळ्याले सांभाळायचं. सुकलाल, पहिला घड आडवा. फण्यांची वाकडी बाजू आत. दुसरा त्याच्या कुशीत. घट्ट, पण दाबायचा नही. गोधडी कोपऱ्याले लाव, धक्का कोपऱ्यात बसतो. ए लाल बनियान! कुशीत, कुशीत! पाय मत दो!

सुकलाल: तो म्हणस, आपके बाबूजी कहाँ से बोल रहे हैं?

बन्सीलाल: सांग त्याले. सावद्याहून. जिल्हा जळगाव.

*

मोनाली: बोला भाऊ. कधीपासून फोन लावतेय. काय झालं?

सुकलाल: सायेब चढनात गाडीवर. टॉर्च मारी मारी दखं. एक पान सापडनं.

मोनाली: काय?

सुकलाल: मनी टोपीले चिकटेल व्हतं. ते बी काढं. मंग हसनात. कागदवर शिक्का मारी दिधा. ताई, गाडी फाटकपार शे. मी नेपाळमा उभा शे, चहा पी राह्यनू. बुटवलना माणूस लेवाले येल शे.

मोनाली: कागदावर काय लिहिलं?

सुकलाल: तुमना गटनं नाव. आनि गाव सावदा. मी अक्षर-अक्षर वाचं.

मोनाली: माल किती वाया गेला?

सुकलाल: एकवीस घड काळा पडनात. ते हमाल घर लई ग्यात. बाकी बठ्ठा हिरवागार. तो अडत्या आखरीलोंग उभा व्हता. म्हणे, पुढली गाडी कधी शे?

मोनाली: काय सांगितलंत?

सुकलाल: म्हणनू, ताईले इचार. पन तोंड सांभाळीसन इचार. तिना बाप बी फोनवर ऱ्हास.

बन्सीलाल: सुकलाल, पाल्याचं काय केलं?

सुकलाल: रस्ताना कडले ढीग व्हता, आबा. गाई येल व्हत्यात, त्या बठ्ठा खाई ग्यात.

बन्सीलाल: कोणाच्या गाई?

सुकलाल: पलीकडल्या. नेपाळन्या. पोट भरनं, तश्या नाका वलांडीसन घर चालन्यात. त्यासले कोन्ही कागद इचारा नही.

मोनाली: आबा, हसताय काय?

बन्सीलाल: काही नही. पाला बी पोचला म्हणायचा.