दोन कादंबऱ्यांची एक शिवण

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, वाचनालयाचे सभासद, आणि आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या आमच्या बाइंडरकाकू,

भाषण लिहून आणलं होतं, ते खिशातच राहिलंय. आत्ता पडद्यामागे चहा घेताना काकूंनी एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

जुन्या फ्रेंच साहसकथांनी आमच्या घराला वेड लावलं होतं. तलवारबाजी, तुरुंगातून पलायन, बुरखाधारी सरदार... आई जेवण विसरायची! त्यातली, याच वाचनालयातून आणलेली काळ्या पुठ्ठ्याची कादंबरी तिची सगळ्यात लाडकी. तिचा नायक खलाशी. मध्यावर तो वादळात समुद्रात पडतो, आणि पान उलटलं की पॅरिसच्या खानावळीत तलवार उपसून उभा! नावही वेगळं. वाचक मंडळात कुणी शंका काढली, की मी ऐटीत म्हणायचो, लेखक फ्रेंच आहे, तो काय तुम्हाला विचारून पान उलटणार?

पुढे माझा थोरला भाऊ जहाजावर गेला, तो आलाच नाही. आईनं ते पुस्तक उराशी धरलं. म्हणायची, "नाव बदलून आला की नाही हा? तसाच आपलाही येईल."

आणि आज काकू सांगतात, त्यांच्या हातून बांधणीच्या वेळी दोन कादंबऱ्यांचे फर्मे, म्हणजे छापील पानांचे जुडगे, एकमेकांत मिसळले होते. खलाशी बुडाला तो बुडालाच. तलवारवाला दुसऱ्याच पुस्तकातला! चूक कळल्यावर काकू पुस्तक परत न्यायला आमच्या घरी आल्या होत्या. तेव्हा भाऊ बेपत्ता झाल्याची तार नुकतीच आलेली. आईच्या मांडीवर ते पुस्तक पाहून काकू ते न मागताच परत गेल्या. मंडळी, सांगा, मी आता रागावू कुणावर?

आई इथेच, पहिल्या रांगेत बसली आहे. आधी तिला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, पण माझ्यानं राहवलं नाही. आई, ऐकलंस ना?

थांबा, ती काहीतरी म्हणते आहे. मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगतो. ती म्हणते, "अरे, पुस्तकाच्या दोन्ही अर्ध्यांत अक्षरांचा टाइप वेगळा आहे. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. काकू, तेवढी शिवण उसवू नका."

अध्यक्ष महोदय, मी इथेच थांबतो. काकू, तुमचे आभार कोणत्या तोंडानं मानू? कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, कमीजास्त बोललो असेन, तर आपण सर्वांनी पोटात घालावं. मी आईपाशी जाऊन बसतो.