डाव्या खिशाचं अस्तर

दिलसुखनगरला अप्पारावांच्या बॅगदुरुस्तीच्या दुकानात भारतीबाई सुटकेसची चेन बसायची वाट बघत होत्या. तेवढ्यात निमलष्करी दलातली एक मुलगी आली आणि रायफलची मॅगझिनं ठेवायचा, छातीवर बांधायचा आटोपशीर पट्टा तिने काउंटरवर ठेवला.

“काका, झकास शिवलात. पहिला पट्टा माझ्या मापाचाच नव्हता. पालथं पडून नेम धरायला गेलं की गळ्याशी यायचा.”

“मॅगझिन पटकन निघतंय का?”

“हौ, एका हाताने. पळताना वाजतपण नाही. आमच्या मॅडम म्हणाल्या, सगळ्या पोरींना असाच पाहिजे.”

“मग परत का आणलास, माय?”

“डाव्या खिशाच्या अस्तरात काहीतरी टोचतंय. बकलचा तुकडा राहिला असेल.”

“तुकडा नाही, रुपया आहे. इमाम जामिन. दूर निघालेल्याच्या दंडाला बांधतात ना, तोच. तुझ्या वर्दीवर कुठं बांधणार, म्हणून आत शिवला.”

“सांगायचं तरी, काका. तिकडं जंगलात रोज तुमच्या शिलाईला नावं ठेवली मी.”

“ठेव की. ठेवायला परत आलीस ना.”

अप्पारावांनी टाके उसवून रुपया तिच्या हातावर ठेवला.

“सुखरूप आलीस. आता हा दान करून टाक.”

“पण सोमवारी परत निघायचंय मला.”

अप्पाराव गल्ल्यात हात घालणार, तोच भारतीबाईंनी पर्समधून एक रुपया काढून काउंटरवर ठेवला.

“आता हा शिवा. टोचेल असाच शिवा.”