खालचा सूर

दाताच्या दवाखान्यात शिवणवाली बाई सुजलेल्या गालावर रुमाल धरून बसली होती. बोलायची सोय नव्हती, त्यामुळे कान मोकळेच होते. शेजारच्या बाकावर एक सासू आणि तिची सून.

“आज पुढचे चार दात जाणार. रविवारी चर्चमध्ये आपलं घर गाणार, आणि माझ्या तोंडून नुसती हवा येईल. खालचा सूर तू धरायचास.”

“मी? आई, लग्न झाल्यावर तुम्हीच म्हणालात, तू नुसतं तोंड हलव.”

“तेव्हा तू बेसूर होतीस.”

“अकरा वर्षं हलवतेय.”

“मग पाठ झालं असेल की! रोज जेवणाआधी गीत म्हणताना माझ्या शेजारीच तर उभी असतेस.”

“पाठ आहे हो. पण मी घसरले तर माझ्यामागोमाग सगळं घर घसरेल. तेही भर चर्चमध्ये.”

“म्हणून दाखव. हळू.”

“इथे? लोक आहेत.”

“ज्याला त्याला आपापल्या दाढेची पडलीय.”

सुनेने दोन ओळी म्हटल्या. शिवणवालीच्या हातातला रुमाल गालावरून खाली आला.

“अगं, छान म्हणतेस की! कधी शिकलीस?”

“भांडी घासताना. नळ मोठा सोडून.”

“हं. पण ‘कृपा’ म्हटल्यावर श्वास का घेतलास? पुस्तकात तिथे थांबायचं नाहीये.”

“तुम्ही घेता.”

“मला दमा आहे गं, बाई!”

“अय्या! मला वाटलं, चालच तशी आहे. हेही तिथेच थांबतात. मुलं, नणंदबाई, सगळेच.”

“सगळे?”

“सगळे.”

आतून सासूला हाक आली. ती उठली, दारापाशी जाऊन वळली.

“मग तूही थांब तिथेच. सरळ पुढे गेलीस तर एकटी पडशील.”