समजलं ना, लवू?

नाही, चूक माझीच आहे असं सगळे म्हणतात, म्हणू देत, पण मला एक सांगा, समोरचा माणूस इतक्या प्रेमाने विचारतोय, ‘समजलं ना, लवू?’ तर तुम्ही काय त्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणाल? अहो, मला रिक्षावाल्याला ‘इथे थांबवा’ म्हणायचं धाडस होत नाही! तो आमची गल्ली सोडून पुढे जातो, मी पुढे उतरतो आणि चालत मागे येतो. असा माणूस मी! मी काय करणार? मान हलवली.

थांबा, आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल प्राध्यापकबिध्यापक आहे. शाळा नववीत सुटली माझी. गणिताच्या बाईंनी फळ्यापुढे उभं केलं होतं, तो तास कसाबसा संपला आणि मी घरी गेलो तो परत गेलोच नाही. राहायला घाटकोपरला, डोंगरावर. कामाला अंधेरीला, एका विद्यापीठाच्या ऑनलाइन कोर्सच्या विभागात. विद्यापीठाचं नाव नाही सांगत, कॉन्ट्रॅक्टवर आहे मी! दिवे लावायचे, कॅमेरा लावायचा, सरांच्या कॉलरला माइक लावायचा, मग तो व्हिडिओ कापायचा, जोडायचा आणि वेबसाइटवर चढवायचा. खाली नळावर आमची आई बायकांना सांगते, ‘आमचो लवू युनिव्हर्सिटीत आसा.’ त्या विचारतात, ‘शिकता?’ आई म्हणते, ‘नाय गो, चालवता!’

तर झालं काय, विद्यापीठाने संख्याशास्त्राचा कोर्स काढला. मराठीतून, नोकरी करणाऱ्या मुलांसाठी. शिकवायला बोलावलं देवव्रत सरांना. नुकतेच रिटायर झालेले, जन्मभर भरलेल्या वर्गाला शिकवलेला माणूस. त्यांना कॅमेऱ्यापुढे उभं केलं, लाल दिवा लागला, सर ‘नमस्कार’ म्हणाले आणि… गप्प! काचेमागून आमच्या कल्पिता मॅडम, म्हणजे विभागाच्या मुख्य, म्हणाल्या, ‘सर, बोला ना.’

‘कुणाशी?’

‘कॅमेऱ्याशी, सर.’

‘अहो, पण त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतच नाही हो! त्याला समजतंय की नाही ते मला कळणार कसं?’

पण कल्पिता मॅडम कुठे थांबतायत! त्यांचं बोलणं म्हणजे मेट्रोचं दार बंद होतंय आणि ह्यांना आत शिरायचंय, असं. ‘लवू, स्टूल घे, कॅमेऱ्याखाली बस, सरांकडे बघ, अधूनमधून मान हलव, बस्स! किती सोपं आहे यार!’

सोपं? तुम्ही बसून बघा! मान हलवायला उशीर झाला की सरांना वाटतं, पोराला समजलं नाही. मग परत पहिल्यापासून! नवीन उदाहरण! सर बोंबील घेतात, पापलेट घेतात, त्यांची वजनं करतात, सरासरी काढतात… आणि मला भूक लागते! त्यात विमानतळ बाजूलाच. डोक्यावरून विमान गेलं की रेकॉर्डिंग थांबवायचं, आणि विमान गेल्यावर सर विचारणार, ‘कुठे होतो रे आपण?’ कुणाला विचारणार? मला! मी तर अजून पापलेटापाशी असतो!

आणि मान लवकर हलवली तर? तर सर एकदम खूश. ‘शाब्बास! हे तर तुला कळलंच. मग ही पायरी मी सोडतो.’ आणि खरंच सोडायचे हो! काचेमागून मॅडम अंगठा वर करतायत, चला, चला, आज दोन लेक्चर उरकतील… सर पायऱ्या सोडतायत, मॅडम हसतायत, मग परत तेच, ‘समजलं ना, लवू?’ मी काय करणार? मान हलवली.

तुम्ही म्हणाल, अरे, व्हिडिओ तूच कापतोस ना, तेव्हा ऐकलं नाहीस? ऐकलं हो! पण मला वाटलं, शिकलेल्यांचा कोर्स असाच असतो.

झालं. कोर्स सुरू झाला, मुलांनी लेक्चरं बघितली, आणि खाली प्रश्न विचारायची जी जागा असते तिथे धडाधड लिहायला लागली. मुलुंडची एक मंजुळा, दिवसा औषधांच्या दुकानात असते, तिने लिहिलं, ‘सर, कळलंच म्हणता, ते कुणाला कळलं? आम्हाला तर नाही कळलं.’ बोरिवलीचा प्रज्योत लिहितो, ‘सर, तुम्ही खाली बघून शाब्बास कुणाला म्हणता?’ मग काय, सगळे मागेच लागले! ‘तो जो कोण हुशार आहे, त्याला समोर आणा!’ ‘त्या भावाचा नंबर द्या, आम्ही त्याच्याकडूनच शिकतो!’ नाव पण ठेवलं माझं. शाब्बासदादा! आणि हे सगळं वाचून मॅडमना द्यायचं काम कुणाचं? माझंच!

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. ‘हे बघ लवू, मुलं कोर्स सोडतायत. कोर्स बंद झाला तर विभाग बंद. आणि विभाग बंद झाला तर पहिला घरी कोण जाणार?’ मी स्वतःकडे बोट दाखवलं. ‘तर रविवारी सकाळी लाइव्ह बसायचं, मुलांच्या शंका सोडवायच्या. सर लेकीकडे गेलेत चेंबूरला, त्यांना त्रास नको. तू घे.’

‘मी?’

‘मग? शाब्बासकी कुणाला मिळालीय, मला? तुला सगळं समजलंय ना?’

आता सांगा! तिथे ‘नाही’ म्हटलं तर त्याच दिवशी घरी, आणि ‘हो’ म्हटलं तर रविवारी! मी काय करणार? मान हलवली.

शनिवार आला. आईने शर्टाला कडक इस्त्री केली. म्हणे, ‘सगळ्या डोंगराक सांगितलंय, माझो लवू मास्तर झालो!’

रविवार उजाडला. स्टुडिओत बसलो, काचेमागे मॅडम. स्क्रीनवर चौकोनच चौकोन, प्रत्येक चौकोनात एक चेहरा, आणि सगळे माझ्याकडे बघतायत… नववीतल्या फळ्यापुढे तरी वर्गाकडे पाठ होती माझी! मंजुळा म्हणाली, ‘दादा, ते प्रमाण विचलन म्हणजे नक्की काय हो?’

मी मान हलवली.

ती थांबली. मी परत हलवली.

‘दादा, तुमचं नेट अडकलंय का? नुसती मान हलतेय.’

आणि काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘ताई, मला… मला पण नाही समजलं.’

नेमकं तेव्हा एक विमानसुद्धा गेलं नाही हो! मग प्रज्योत ओरडला, ‘भाई, आधी बोलायचं ना! आम्ही इथे स्वतःला ढ समजून बसलोय!’ आणि खाली चॅटमध्ये भराभर यायला लागलं, मला पण नाही, मला पण नाही, मला पण! एवढा आनंद मी परीक्षेच्या निकालाला पण बघितला नव्हता!

तेवढ्यात एक काळा चौकोन, त्यावर नाव ‘रुचिका’, त्यातून आवाज आला. ‘लवू.’

सर! रुचिका म्हणजे सरांची लेक, तिच्या फोनवरून सर पहिल्यापासून ऐकत बसलेले!

‘कुठपासून नाही समजलं रे?’

आता लपवून काय उपयोग? म्हटलं, ‘सर… नमस्काराच्या पुढचं.’

मनात म्हटलं, नोकरी गेली, आता आई नळावर काय सांगणार… मग सर हळूच म्हणाले, ‘तरीच. मला वाटलं, ह्या वयात मला एकदम चांगलं शिकवता यायला लागलं.’

तुम्हाला सांगतो, त्यापेक्षा एक कानाखाली दिली असती तर बरं वाटलं असतं. पण सर पुढे म्हणाले, ‘कल्पिताबाई, ऐकताय ना? सगळा कोर्स परत रेकॉर्ड करायचा. पहिल्या लेक्चरपासून. आणि लवूला खरंच समजल्याशिवाय एक पाऊल पुढे जायचं नाही!’ मुलांनी टाळ्या वाजवल्या. मंजुळा म्हणाली, ‘दादाला समजलं तर आम्हाला शंभर टक्के समजेल!’ हे कौतुक होतं की काय, मी अजून विचार करतोय.

कोर्स सोडलेली मुलं परत आली. मॅडमनी वरून परवानगी आणली, माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. कधीपर्यंत? कोर्स पूर्ण होईपर्यंत. कोर्स पूर्ण कधी होणार? मला समजेल तेव्हा! म्हणजे मी जोवर ढ, तोवर नोकरी पक्की. आई खूश, सर खूश, मुलं खूश. झकास, नाही का? मला पण तसंच वाटलं होतं. मी अगदी निर्धास्त होतो हो. म्हटलं, बाकी कशाची नाही, पण ह्या एका गोष्टीची खात्री आपण देऊ शकतो.

पण सर शिकवतायत ना आता सावकाश, एक पायरी सोडत नाहीत… आणि तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नका… गेल्या आठवड्यापासून मला थोडं थोडं समजायला लागलंय.

वाट लागली.